एका नजरेत मावतील एवढीच खेळणी

"बाई तशा चांगल्या होत्या, मी नाई म्हनत नाई. पन खेळन्याच्या बाबतीत लय कडक! तान्ह्या पोळ्याच्या दिवशी माह्या प्रणयचा बैल कुलपात टाकला होता त्यायनं. तीन दिवस तापानं फनफनला पोरगा. आता गेल्या बिचाऱ्या, बोलू नये..."

माझी धाकटी बहीण निर्मला हिच्या तेरवीच्या मांडवात, हातात ताट घेऊन, रंजनाबाई हे बोलल्या. रंजनाबाई निवृत्त परिचारिका आहेत आणि त्यांचा मुलगा प्रणय लहानपणी निर्मलेच्या पाळणाघरात होता, त्यामुळे ऐकणाऱ्यांना त्यांचे बोलणे साक्षीसारखे वाटले. बोलू नये असे म्हणून जे बोलले जाते, तेच सर्वांत लांब पोहोचते. मी हात धुऊन परत येईपर्यंत तीच हकिकत आणखी दोघांच्या तोंडून ऐकली. एकीत तापाचे तीन दिवस आठवड्यावर गेले होते, दुसरीत बैलाबरोबर मुलालाही कोंडण्यात आले होते. मी तेहतीस वर्षे मुलांना शिकवले, त्यांतली शेवटची नऊ पोंभुर्ण्याला मुख्याध्यापक म्हणून. समोर चुकीचे विधान झाले तर ते दुरुस्त केल्याशिवाय मला घास उतरत नाही, हे माझ्या परिचितांना ठाऊक आहे. त्या दिवशी मात्र मी ताटावर बसलो आणि जेवलो. त्याला आता सहा आठवडे झाले. या सहा आठवड्यांत हा लेख मी चार वेळा लिहिला आणि चार वेळा फाडला. खुर्चीत बसलो की उठावेसे वाटते, उठलो की कुठे जायचे ते सुचत नाही.

निर्मलेला ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. बल्लारपुरात रेल्वे फाटकाच्या पलीकडे तिचे दोन खोल्यांचे आणि पुढे छपरी असलेले घर. यजमान कागद कारखान्यात होते; ते लवकर गेले. मूलबाळ नव्हते. शेजारची शिक्षिका सकाळच्या गाडीने चंद्रपूरला जायची, तिने एक दिवस आपली मुलगी निर्मलेच्या मांडीवर ठेवली, "संध्याकाळपावतर पाहा न बाई" म्हणाली, आणि त्या संध्याकाळपासून पाळणाघर सुरू झाले. पाटी कधीच लावली नाही. परिचारिका, शिक्षिका, कारखान्याच्या उपाहारगृहात काम करणाऱ्या बाया, जिवतीच्या डोंगरातून मजुरीसाठी येऊन राहिलेली दोन-तीन कुटुंबे, अशांची मुले तिथे वाढली. माझी पत्नी वारल्यावर मी निर्मलेकडे राहायला आलो. त्याला वीस वर्षे झाली. म्हणजे या घरात काय घडले आणि काय घडले नाही, हे सांगण्याचा अधिकार माझ्याइतका दुसऱ्या कोणालाही नाही.

खेळण्यांविषयी बाहेर तीन कथा फिरत आहेत. एक रंजनाबाईंची; तिच्याकडे मी शेवटी येणार आहे. दुसरी शोकसभेत आमच्या वॉर्डातल्या एका तरुण कार्यकर्त्याने सांगितली : "हातात पैसा नसतानाही मूठभर खेळण्यांवर बाईंनी पिढ्या वाढवल्या." टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या वाजवू नयेत एवढेही आता कोणाला शिकवले जात नाही, पण ते असो. हे विधान साफ खोटे आहे. निर्मलेच्या माळ्यावर खेळण्यांनी भरलेल्या चार मोठ्या टिनाच्या पेट्या होत्या, आजही आहेत. मुलांचे वाढदिवस, आईबापांचे बोनस, मामा-काकांच्या बदल्या, सगळ्यांतून खेळणी येत असत. खाली चटईवर थोडी दिसत, म्हणून ती थोडी होती, असा निष्कर्ष माळ्याकडे मान वर करून न पाहणाराच काढू शकतो. तिसरी कथा एका शिक्षण संस्थेतून वही घेऊन आलेल्या मुलीची. तिने दोन दिवस छपरीत बसून टिपणे घेतली आणि जाताना मला म्हणाली, "सर, ही परदेशातली पद्धत आहे. बाईंनी कुठून वाचली?" निर्मला चौथीपर्यंत शिकली होती. ती किराण्याच्या पुडीवरचा कागदसुद्धा मला वाचायला देत असे.

पद्धत कुठून आली ते सांगतो. विंचवापासून आली.

सुरुवातीच्या वर्षांत छपरीच्या कोपऱ्यात खेळण्यांचा ढीग असे. मुले आली की ढिगात शिरत, उपसत, फेकत, आणि दुपारपर्यंत त्याच ढिगावर बसून रडत. एका पावसाळ्यात शिक्षिकेच्या मुलीने ढिगात हात घातला आणि बाहुलीच्या झग्याला चिकटून काळा विंचू वर आला. मुलीला काही झाले नाही. निर्मलेने झगा तसाच अंगणात भिरकावला. पण मग तिने सगळा ढीग अंगणात ओतला, प्रत्येक वस्तू झटकली, धुतली, आणि संध्याकाळपर्यंत एकटी त्या पसाऱ्याकडे बघत बसली. मी तेव्हा सुट्टीत आलो होतो. मी विचारले, आता हे सगळे परत आत कसे जाणार? ती म्हणाली, "सगळं नाईच जानार भाऊ. एका नजरेत जेवढं मावते, तेवढंच खाली राहीन. मले उभ्या उभ्या दिसलं पायजे, कोनाच्या हाताखाली काय हाय ते." हीच ती परदेशी पद्धत.

पुढे त्यात बऱ्याच गोष्टी मिसळल्या, पण मूळ हे. चार पेट्यांपैकी एका वेळी एकच खाली. एका पेटीत सागवानाचे ठोकळे. लाकडाच्या आगारापलीकडच्या सुताराकडून ती तुकडे आणायची आणि कानशीने त्यांच्या कडा स्वतः घासायची. दुसरीत चूल, बोळकी, तवे, पाटा. तिसरीत गाड्या, बाहुल्या, जनावरे. चौथीत आवाज करणारी सगळी. ती पेटी उतरली की शेजारी आपण होऊन खिडक्या लावून घेत. दर शनिवारी एक पेटी वर जाई, दुसरी उतरे. उतरलेल्या पेटीतलेही सगळे बाहेर येत नसे. चटईवर सात-आठ वस्तू, मुले दहा-बारा. तुटलेली खेळणी एका टोपलीत, तिचे नाव दवाखाना. तिथला डॉक्टर मी. सरस, खिळे आणि सुतळी एवढ्या औषधांवर मी अनेक गाड्यांची चाके जगवली आहेत, याचा उल्लेख शोकसभेत कोणीही केला नाही.

सात वस्तू आणि बारा मुले, हे गणित मला सुरुवातीला पटले नव्हते. मी वाद घातला. म्हणालो, अगं, प्रत्येकाच्या हातात एक तरी असावे, हा साधा न्याय आहे. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "ढीग टाकला का पोरं ढिगाकडे पाहतेत भाऊ. मोजून ठेवलं का एकमेकाकडे पाहतेत." मी म्हणालो, एकमेकांकडे पाहतात आणि मग एकमेकांना बोचकारतात. "बोचकारतेत न. मग मी हाय ना इथी! मी काऊन बसली हाय?" दुसऱ्या दिवशी मी सुवाच्य अक्षरात बारा नियमांचा तक्ता लिहून भिंतीवर डकवला : कोणत्या मुलाला कोणती वस्तू किती वेळ, कोणत्या क्रमाने. निर्मलेने तो आदराने पाहिला. तिसऱ्या दिवशी भिंत रिकामी, आणि तक्त्याच्या बारा पुड्या करून त्यांत मुले चिवडा खात होती. "लय कामी आला तुमचा नियम," ती म्हणाली. "तुमी शाळा सोडली भाऊ, पन शाळेनं तुमाले नाई सोडलं."

लोक तिला कडक म्हणतात ते बहुधा मुलांच्या वडीलधाऱ्यांशी असलेल्या तिच्या वागणुकीवरून. घरची खेळणी आणू नयेत, हे ती प्रत्येक आईला पहिल्याच दिवशी सांगे. तरी कोणी ऐकत नसे. एका ठेकेदाराने नातवासाठी दूरनियंत्रकावर चालणारी मोठी मोटार आणली, छपरीभर फिरवून दाखवली आणि कौतुकाची वाट पाहत उभा राहिला. निर्मला म्हणाली, "छान हाय भाऊ. पन हे खेळते अन् पोरगा पाहते. मले उलटं पायजे." ठेकेदाराला राग आला. "आमच्या गाडीले जागा नाई काय तुमच्या इथी?" "तुमाले हाय न. बसा, चहा ठेवतो. गाडी घरी जाऊ द्या." तो बसला, चहा प्याला आणि गाडी काखेत मारून गेला. ही कठोरता असेल तर असो. परंतु तिने मुलाच्या हातातून कधी काही ओढून घेतल्याचे मी वीस वर्षांत पाहिले नाही. घ्यायचे असले तर ती समोर बसे आणि हात पसरून वाट पाहत राही. एकदा एका खुळखुळ्यासाठी ती पाऊण तास तशी बसली होती. मी घड्याळ लावून पाहिले आहे.

आणि वर्षातून एक दिवस तिचा हा सगळा कारभार बंद असे. तो तान्ह्या पोळ्याचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मुले आपापले लाकडी बैल सजवून, दोरी धरून ओढत मिरवतात, घरोघर जाऊन बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात. रुग्णालयाला आणि कारखान्याला त्या दिवशी सुट्टी नसते, त्यामुळे पाळणाघर उघडे राही. पण चटई गुंडाळलेली, पेट्या बंद. प्रत्येकाने घरून बैल आणायचा, हवा तेवढा मोठा, हवा तेवढा लहान. दुपारभर छपरीत रंग, बेगड, झुली यांचा गोंधळ. निर्मला त्यात काहीही नीट ठेवत नसे. "आज पोरायचा दिवस हाय," एवढे म्हणून ती स्वतः एखाद्या बैलाच्या शिंगांना रंग लावत बसे. म्हणजे ज्या एकमेव दिवशी तिने खेळण्यांवर कसलेच बंधन ठेवले नाही, नेमका तोच दिवस लोकांनी तिच्या कठोरपणाच्या पुराव्यासाठी निवडला आहे. याहून मोठा अन्याय मला माहीत नाही.

शेवटची भेट... चंद्रपूरच्या रुग्णालयात, पलंगाच्या कठड्याला धरून मी उभा होतो. तिला धाप लागत होती. तिने विचारले, "आज शनिवार हाय न भाऊ?" मी हो म्हणालो. "मंग पेटी?" मी म्हणालो, करतो, तू पडून राहा. ती हसली. "ठोकळ्याची उतरवा. आवाजाची नका उतरवू, तुमचं डोकं दुखते." त्या वेळी पाळणाघरात चारच मुले उरली होती आणि तिच्या आजारपणामुळे तीही येत नव्हती. मी घरी येऊन पेटी उतरवली. रविवारी पहाटे रुग्णालयातून फोन आला. तेव्हापासून दर शनिवारी मी पेटी बदलतो. कोणी खेळत नाही. एका संस्थेने खेळणी मागितली आहेत, शेजाऱ्यांनी समजावले आहे, माझ्या वयात शिडीवर चढू नये हेही सांगितले आहे. मी सगळ्यांशी भांडलो आहे.

आता तो दिवस. अठरा वर्षांपूर्वीचा तान्हा पोळा. रंजनाबाईंच्या कथनातले जे खरे आहे ते मी नाकारत नाही. प्रणय पाच वर्षांचा होता. त्याच्या मामाने नागपूरहून बैल पाठवला होता : मुलाच्या कमरेएवढा उंच, लाखेने चमकणारा, गळ्यात घुंगरांचा पट्टा, पायांना लोखंडी चाके. छपरीत बाकीचे बैल वीतभर. जिवतीकडच्या सोनी मडावीचा तर मुठीत मावणारा. तिच्या बापाने सावरीच्या हलक्या लाकडात तो कोरला होता आणि कान जांभळ्या रंगाने रंगवले होते. दुपारी प्रणयने आपला बैल जोरात ओढला. चाक सोनीच्या बैलावरून गेले. एक कान तुटला. सोनी रडली नाही. ती तुटका कान मुठीत धरून भिंतीशी जाऊन उभी राहिली. प्रणय म्हणाला, "तिचा बैल लहान होता, मंग मी काय करू?" आणि त्याने बैल पुन्हा फिरवला. यानंतर तो मोठा बैल पेटीत गेला आणि पेटीला कुलूप लागले. हे सर्व खरे आहे. ताप एक दिवस होता, तीन नव्हे. पण तोही खरा आहे.

चार वाजता रंजनाबाई कामावरून थेट मुलाला न्यायला आल्या, पिशवीत झेंडूची माळ घेऊन. घरात मुलांपाशी दुपारी उशिरा आलेल्या शेजारच्या काकू बसल्या होत्या; प्रणय हुंदके देत "बैल पेटीत" एवढेच सांगत होता. कुलूप उघडायला किल्ली नव्हती. मिरवणूक चौकात जमली, ढोल वाजले, आणि प्रणय छपरीच्या पायरीवर बसून राहिला. चौकात त्या दिवशी बैलांच्या सजावटीची स्पर्धा होती. मी परीक्षक होतो. मंचावर बसून मी चाळीसेक बैल बारकाईने तपासले, रंगसंगतीवर चार शब्द बोललो आणि शाल-नारळ घेऊन सहाच्या सुमारास घरी आलो, तो घराच्या फाटकाशी गर्दी.

रंजनाबाई ओरडत होत्या. "वर्षाचा एक दिवस पोराचा! तो बी ठेवला तुमी पेटीत? स्वतःचं लेकरू असतं न, मंग समजलं असतं तुमाले!" सगळी गल्ली ऐकत होती. निर्मला त्यांच्यासमोर उभी होती, खांद्याला पिशवी, पदर घामाने ओला. तिने गर्दीवरून माझ्याकडे पाहिले. क्षणभरच. मग म्हणाली, "चुकलं माझं बाई. पोराले आत्ता बैल काढून देतो." आणि प्रणयपुढे जाऊन पायरीवर बसली. गल्लीने कबुली ऐकली. घर तिचे, पेटी तिची, खेळण्यांवर बंधन घालणारी म्हणून ख्याती तिची, आणि वरून तिच्याच तोंडची कबुली. आणखी पुरावा कोणाला हवा होता?

मी शाल पांघरून फाटकाशेजारच्या लिंबाखाली उभा होतो. तेहतीस वर्षे मी वर्गात विचारत आलो होतो, "हे कोणी केले? उभे राहा," आणि जे मूल आपण होऊन उभे राहिले त्याला मी कधीही शिक्षा केली नाही. त्या संध्याकाळी मी उभाच होतो, पण बोललो नाही. नंतर बोलेन असे ठरवले. उद्या, गर्दी नसताना. मग रंजनाबाईंना एकटे गाठून. मग प्रणय मोठा झाल्यावर. निर्मलेने तो विषय पुन्हा काढला नाही. पुढच्या शनिवारी तिने नेहमीप्रमाणे पेटी बदलली आणि दवाखान्याच्या टोपलीत सोनीचा बैल व त्याचा कान माझ्यासाठी ठेवला. मी तो कान सरसाने बसवला. जोड दिसणार नाही असा. तिने का सांगितले नाही याची कारणे मला देता येतील, पण ती पुन्हा माझी कथा होईल, आणि कथा तीन झाल्या आहेत, तेवढ्या पुरेत.

कोणी म्हणेल, म्हाताऱ्याला बहिणीचा पुळका आहे. म्हणून माझे मत बाजूला ठेवा. विंचू, शनिवार, पाऊण तास, सगळे बाजूला ठेवा. रंजनाबाईंनी आणि ज्यांनी ज्यांनी त्यांचे ऐकले त्यांनी एवढेच लक्षात घ्यावे. त्या दिवशी आमच्या मावशीची प्रकृती बिघडल्याचा निरोप आला होता. निर्मला सकाळी साडेसातच्या बसने पोंभुर्ण्याला गेली. जाताना फाटकाशी वळून मला म्हणाली, "आज कोनाचंच काही ठेवून नका घेऊ भाऊ." पावणेसहाच्या बसने ती उतरली, तिच्या खांद्यावर पिशवी होती ती त्यामुळे. पायरीवरून उठून ती घरात गेली, तिच्यामागे मीही गेलो; गर्दीला पाठ करून ती माझ्यासमोर तळहात पसरून उभी राहिली आणि हळू आवाजात म्हणाली, "भाऊ, किल्ली द्या." मी शालीखालून सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि ती काढून दिली.

कुलूप मी लावले होते.